अनुभव धागा: तुमचं आडनाव कुठल्या गावाचं?

कोकणात नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात, आणि बरेचदा उत्तर आडनावातच असतं. तेंडोलीचे तेंडुलकर, आचऱ्याचे आचरेकर, परुळ्याचे परुळेकर, दाभोळचे दाभोळकर. आम्ही नेरूरकर. गंमत अशी की कुडाळ तालुक्यातल्या नेरूरला आमची सगळी भावकी परब लावते. पणजोबा मुंबईला गिरणीत लागले तेव्हा त्या खात्यात परब बरेच होते. घोळ नको म्हणून हजेरीपटावर गाव लिहिलं गेलं, आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर तेच चढलं. कलेश्वराच्या जत्रेला गेलो की आम्ही अजूनही परबच. गाऱ्हाणं त्याच नावाने घातलं जातं.

यावरून मला वाटतं, 'कर' लागतो तो गाव सोडल्यावर, आणि लावतात ते नव्या जागेचे लोक. नेरूरमध्येच राहणाऱ्याला नेरूरकर म्हणून कुणी कसा ओळखावा? तुमच्या घरी काय झालं ते लिहा.

मंडणगड तालुक्यातून:
आमच्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण बाबासाहेबांचं. घराणं सकपाळ, मूळ गाव आंबडवे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव दाखल झालं ते भिवा रामजी आंबेडकर. हा दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. म्हणजे तुमचं म्हणणं इथेही लागू पडतं: गाव मागे राहिलं आणि साताऱ्यात आडनावात आलं. आम्ही इथेच राहिलो, म्हणून सकपाळच.

अलिबागहून:
आम्ही चौलकर. आजीच्या लहानपणी इस्राएल आळीतही एक चौलकर कुटुंब होतं, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू. दोन्ही घरांची पत्रं सारखी अदलाबदल व्हायची, मग आजीच ती पोचवायला जायची. त्यांच्यात पेणकर, रोहेकर, किहीमचे केहीमकर, नवगावचे नवगावकर, सगळी रायगडातलीच गावं. पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि वाचलेले किनाऱ्याला लागले, असं ते सांगत. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. 1948 नंतर बहुतेक इस्राएलला गेले. आडनावावरून जात-धर्म ओळखू पाहणाऱ्यांना मी नेहमी हे दोन चौलकर सांगते. गाव एक होतं, बस्स.

चिपळूणहून:
वरच्या ताईंशी सहमत. आम्ही मुसलमान, आडनाव देशमुख. दळवीही आमच्यात आहेत आणि मराठ्यांतही. ही वतनाची, हुद्द्याची नावं. खोत म्हणजे गावचा सारा वसूल करणारे, त्यांचंही तसंच. खोती रद्द करणारा कायदा 1949 साली आला, वसुलीचा अधिकार गेला, आडनाव मात्र राहिलं. ज्यांच्या आज्यांनी खोताच्या शेतावर वेठ केली, त्यांना ते नाव ऐकून काय वाटतं तेही इथे कुणीतरी लिहायला हवं.

दापोलीची माहेरवाशीण:
आमच्याकडे जोशी, बापट, दामले, 'कर' क्वचित. त्यामुळे मूळ गाव कुलवृत्तांतात, म्हणजे घराण्याच्या वंशावळीच्या पुस्तकात शोधायचं. माहेरच्या कुलवृत्तांतात शाखा नीट दिल्या आहेत: कोण साताऱ्याला गेलं, कोण इंदूरला, कुणाला दत्तक दिलं. माझ्या आजीच्या नोंदीत मात्र फक्त सासरचं नाव आणि 'माहेर गुहागर'. माहेरचं आडनावसुद्धा नाही! तिच्या बाजूचा शोध तिथेच खुंटला होता. शेवटी गुहागरला व्याडेश्वराच्या देवळाजवळ राहणाऱ्या एका वृद्ध काकूंनी आजीच्या बहिणींची नावं घडाघडा सांगितली आणि घर दाखवलं. नवीन आवृत्ती काढणाऱ्यांना कळकळीची विनंती, मुली आणि सुना पूर्ण नावानिशी छापा.

धागाकर्ता:
ताई, हे फार महत्त्वाचं. शोधायला बसलेल्यांसाठी माझ्या कामी आलेल्या गोष्टी: आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, तलाठ्याकडचे जुने फेरफार, आणि ग्रामदेवतेचा गुरव. कुठल्या घराचा कुठला मान, हे त्यांना तोंडपाठ असतं. फेरफारात आमचं जुनं आडनाव 'परब ऊर्फ नेरूरकर' असं सलग सापडलं, तो कागद झेरॉक्स काढून सगळ्या चुलत भावंडांना दिलाय.

वेंगुर्ले, मालवणकडचे कोणी आहेत का? तुमच्यापैकी ज्यांचं कुलदैवत गोव्यात आहे, त्यांची घराणी इकडे कशी आली ते वाचायचंय.