हिमोग्लोबिन ठीक, तरी आयर्न कमी? (हार्ट फेल्युअर)

डिचोलीकर:
बाबांना हार्ट फेल्युअर आहे, पंपिंग ३५ टक्के. हिमोग्लोबिन १३.२ पण फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ६८ आलं आणि डॉक्टर म्हणतात शिरेतून आयर्न देऊया. घरात तांबडी भाजी कायम असते, मग कमी कसं? गोळ्या चालणार नाहीत का? पूर्वी म्हापशाचा शुक्रवारचा बाजार पायी फिरायचे, आता चार पायऱ्यांत धाप लागते, बघवत नाही.

साखळीची नर्स:
हार्ट फेल्युअरमध्ये फेरिटिन १०० च्या खाली म्हणजे कमीच धरतात, १०० ते २९९ असेल तर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती लोह आहे ते) २० टक्क्यांखाली आहे का बघतात. लोह फक्त रक्तालाच नाही, हृदयाच्या स्नायूलाही लागतं, म्हणून हिमोग्लोबिन चांगलं असून माणूस थकतो. या आजारात शरीरात आतून दाह (इन्फ्लमेशन) असतो, त्यामुळे हेप्सिडिन हे लोह अडवणारं हार्मोन वाढतं आणि आतडी लोह नीट घेत नाहीत. २०१७ च्या आयर्नआउट चाचणीत गोळ्यांनी चालण्याची ताकद वाढली नाही.

फोंडेकर:
आमच्या आईला शिरेतून आयर्न दिलं, आठवडाभरात नाही पण महिन्याभराने ती तुळशीपर्यंत न थांबता जायला लागली. २०२० च्या अफर्म चाचणीत शिरेतून दिलेल्या आयर्नने हार्ट फेल्युअरसाठी परत अ‍ॅडमिट व्हायचं प्रमाण घटलं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

साखळीची नर्स:
आणि अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर पोटातून रक्त जातंय का ते नक्की विचारा, शौच काळी होते का बघा.

डिचोलीकर:
अ‍ॅस्पिरिन चालू आहे. सोमवारी विचारतो.