हातावर पोट असणाऱ्यांनो, हात कसे टिकवलेत? (अनुभव लिहा)

लाकूडतोड्या
काल माळा आवरताना वडिलांची जाडी पटाशी सापडली. मुठीला कापडाची पट्टी, त्यावर सुतळी, त्यावर परत कापड. मूठ एवढी जाड की लहानपणी माझ्या हातात मावायची नाही. तेव्हा वाटायचं, मूठ फुटली असणार, म्हणून बांधलीय. काल सहज पट्टी सोडवली तर आतलं लाकूड धडधाकट. एक चीर नाही.

मग डोक्यात उजेड पडला. गेलं वर्षभर माझ्या उजव्या अंगठ्याचं मूळ ठणकतंय, मनगटाला लागून असतं ते. झाकण फिरवलं तरी कळ येते. झीज आहे म्हणाले डॉक्टर. मूठ बारीक असली की अंगठ्याला जास्त आवळावं लागतं, जाड असली की कमी. म्हणजे वडिलांचाही अंगठा गेला होता. एका शब्दाने बोलले नाहीत. मीही कधी विचारलं नाही.

मी ५३. अजून दहा वर्षं तरी रंधा मारायचाय. तुम्ही काय करता, कुठं चुकलात, काय सोडलंत ते लिहा. नुसतं "व्यायाम करा" लिहू नका, कोणता, कधी, कामाच्या मध्ये कसा ते लिहा.

थापी
गुडघे.

सुईत दोरा
थापीभाऊ, पुढे लिहा की!

थापी
ताई, फरशी बसवतोय, हात सिमेंटात आहेत. रात्री लिहितो.

ठिणगी
वेल्डिंगवाल्यांचं मी सांगतो. शिकाऊ असताना "एकच टाका आहे" म्हणून डोळ्यांपुढे काळी काच न धरता मारायचो. त्या वेळी काहीच होत नाही, हाच घोटाळा. सहा-आठ तासांनी, ऐन झोपेत, डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं होतं. दोनदा झालं, तिसऱ्यांदा अक्कल आली.

पण खरी गंमत मानेची. डोक्यावरची काच डोळ्यांपुढे खाली पाडायला मानेला झटका द्यायचा, हात तर दोन्ही अडकलेले. दिवसाला दोनशे झटके तरी होत असतील. वीस वर्षं. मान उजवीकडे वळेना, मागे बघायचं तर अख्खा माणूस वळवायचा. मग ठिणगी पडली की आपोआप काळी होणारी काच घेतली, ती डोळ्यांसाठी म्हणून. झटका थांबला आणि दीड-दोन महिन्यांत मान सुटली. कोणी सांगितलं नव्हतं, मलाही नंतर कळलं कशाने सुटली ते.

नुसतीच वाचक
आमच्या ह्यांना वाचायला देते हा धागा. ते ऐकतच नाहीत.

पाना नंबर १४
वहिनी, ऐकत नाहीत की ऐकू येत नाही? माझं दुसरं आहे. पत्रा ठोकायच्या कामात ३० वर्षं. डाव्या कानात रात्री कुकरची शिट्टी, कुकर नसताना. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते सांभाळा. हिशोब असा की ८५ डेसिबलच्या आवाजात ८ तास, ही मर्यादा. तिथून दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० ला फक्त पाव तास. ग्राइंडर १०० च्या आसपास सहज जातो. म्हणजे माझा दिवसाचा कोटा सकाळीच संपायचा!
आवाज मोजायचं यंत्र नको असेल तर साधी खूण: हातभर लांबच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला की कानात बोंडं (इअरप्लग) घाला.

नुसतीच वाचक
अय्या, मग खरंच ऐकू येत नसेल. मी उगाच भांडतेय तीन वर्षं.

पाना नंबर १४
तपासून घ्या. पण ऐकू येत असेल तर मला दोष देऊ नका.

सुईत दोरा
माझा धंदा शिवणाचा. चाळिशी लागली होती पण मान्य करायची नव्हती. ४१ ते ४४, तीन वर्षं मशीनवर नाक टेकवून शिवलं. दोरा ओवायला मुलाला हाक. शेवटी चष्मा घेतला, तर पुस्तक छान दिसायचं आणि सुई पुसट! परत नाक पुढे. मानेतून डाव्या हातात मुंग्या सुरू झाल्या.
मग गळ्यातल्याच टेपने मोजलं. पाठ सरळ ठेवून बसले आणि मुलाला डोळ्यापासून सुईपर्यंत टेप धरायला लावला. ५४ सेंटिमीटर. वाचायच्या चष्म्याचा नंबर साधारण ४० सेंटिमीटरसाठी काढतात. चष्मेवाल्याला ५४ चा आकडा दिला, त्याने त्या अंतराचा नंबर काढून दिला. तो चष्मा फक्त मशीनवर असतो, घरात दुसरा. नाक मशीनपासून लांब गेलं आणि मुंग्याही गेल्या.
बारीक काम करणाऱ्या सगळ्यांना सांगते, टेप घेऊन जा.

खडूची रेघ
ताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. मी घड्याळं दुरुस्त करतो, माझं अंतर उलट आहे, वाचण्यापेक्षा जवळ. आजच मोजतो.

जुना खिळा
वय ६७. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. दिवसभर काम केलं की वेगळा व्यायाम कशाला? काम हाच व्यायाम. हल्लीच्या पोरांना सगळंच दुखतं.

फिजिओ बोलतेय
काका, तुमचा मान ठेवून, पण हे खरं नाही हो. यावर बरंच संशोधन झालंय. फिरण्या-पोहण्याने हृदयाला जो फायदा होतो तो दिवसभराच्या अंगमेहनतीने तसा मिळत नाही, उलट काही ठिकाणी त्रासच जास्त दिसला. व्यायाम म्हणजे थोडा वेळ जोर आणि मग विश्रांती. काम म्हणजे आठ तास तोच हात, तीच बाजू, तीच वाकलेली पाठ, आणि थांबायचं कधी ते तुमच्या हातात नाही. रंधा मारणाऱ्याची छाती-खांदे पुढून भरलेले असतात, पाठीचा मागचा भाग रिकामा. कामात जे होत नाही तेवढंच घरी करायचं.

लाकूडतोड्यादादा, तुमच्या वडिलांनी केलं ते अगदी बरोबर. चिमटीत १ किलोचा दाब दिला की अंगठ्याच्या मुळाशी साधारण १२ किलोचा पडतो. जाड मूठ आणि धारदार पातं, दोन्ही औषधंच आहेत.

जुना खिळा
बरं.

जुना खिळा
खांदा वर जात नाही चार वर्षं. सदरा घालताना सून हात धरते. त्याला काही आहे का?

फिजिओ बोलतेय
काका, आहे. आधी एकदा दाखवून घ्या, आतली शीर (स्नायू हाडाला बांधणारी दोरी) फाटलीय की खांदा नुसता जखडलाय ते कळू दे. तोवर टेबलावर हात ठेवून मागे सरकत जा, म्हणजे हात आपोआप लांब होतो. दुखायच्या आत थांबायचं. साखर तपासली आहे का? मधुमेहात खांदा जास्त जखडतो.

जुना खिळा
साखर आहे. सूनबाईला वाचून दाखवलं, ती म्हणते मी हेच सांगत होते.

भाता
धारेवरून आठवलं, पटाशीला धार लावायला पाण्याचा दगड बरा का तेलाचा?

लाकूडतोड्या
पाण्याचा. पण पात्याची पाठ सपाट केल्याशिवाय कुठलाच नाही.

भाता
मी तेलाचाच वापरतो, पाण्याचा झिजतो फार.

लाकूडतोड्या
झिजतो म्हणूनच कापतो! वेगळा धागा काढा, इथे भांडण नको.

कात्रीवाला
ग्राहक खुर्चीत उंच, आपण हात खांद्याच्या वर धरून कापतो. दिवसाला पंचवीस डोकी. एक दिवस लक्षात आलं, खुर्ची खाली करायचा पायाचा खटका मी वापरतच नाही, घाई म्हणून. आता प्रत्येक डोक्याला खुर्ची वरखाली. कोपर अंगाजवळ राहतं.
पायाच्या नसा मात्र फुगल्यात. घट्ट मोजे सांगितलेत, ते सकाळी पाय सुजायच्या आत चढवायचे, दुपारी घातले तर अर्धा उपयोग गेला. आणि एकाच जागी खांबासारखं उभं राहायचं नाही, टाचा वरखाली करत राहायचं. पोटरी हलली की रक्त वर चढतं. ग्राहकाला वाटतं गाणं ऐकतोय.

थापी
आलो. आंघोळ झाली, आता लिहितो.
२६ वर्षं गुडघ्यावर रांगतोय. पाच वर्षांपूर्वी उजव्या वाटीवर लिंबाएवढी सूज आली, दाबली की पाण्याच्या फुग्यासारखी. दुखायची कमी, पण गुडघा दुमडेना. डॉक्टर हसून म्हणाले, याचं जुनं इंग्रजी नाव "मोलकरणीचा गुडघा" आहे, फरशी पुसणाऱ्या बायकांना व्हायचा. वाटीच्या पुढे एक पिशवी असते, सतत दाबून ती भरते. लाल-गरम झाली, ताप आला तर मात्र लगेच यायचं, ते आत पिकल्याचं लक्षण.
पट्ट्याचे पॅड घेतले तर पट्टा गुडघ्यामागे करकचायचा, पाय बधिर. आता जाड फोमचा तुकडा जमिनीवर सरकवत नेतो. आणि दर चार फरश्यांनी उभा राहतो. फरशी मोजायचीच असते, त्याच मोजणीत गुडघाही मोजला.
कापताना पाणी सोडतो. धूळ जी दिसते ती खाली बसते, न दिसणारी छातीत जाते आणि तिथला डाग पुसता येत नाही. माझ्या उस्तादांना शेवटी जिना चढवत नव्हता. कोरडं कापायचे आयुष्यभर.

ठिणगी
उस्तादांचं वाचून वाईट वाटलं राव.

पाना नंबर १४
नावांवरून सांगतो, मला "टेनिस एल्बो" झालाय, कोपराचं दुखणं. रॅकेट फक्त डास मारायची धरलीय.

सुईत दोरा
आणि मला "ट्रिगर फिंगर"! सकाळी मधलं बोट मुठीत अडकतं, दुसऱ्या हाताने उघडलं की टक्कन वाजतं. बंदूक पाहिलेली सुद्धा नाही.

थापी
मोलकरीण, टेनिसपटू आणि नेमबाज. चला, संघ तयार.

छिन्नी
थट्टा चाललीय म्हणून जरा थांबलो होतो. माझी बोटं पांढरी पडतात. दगड कापायचं, फोडायचं मशीन १८ वर्षं. गारठ्यात तर्जनी आणि मधलं बोट खडूसारखं पांढरं, सुई टोचली तरी कळत नाही. मग रक्त परत येताना आग आग. शर्टाचं बटण लावता येत नाही तेवढा वेळ.
दोन ठिकाणी दाखवलं. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, "काम काय करता" कोणीच विचारलं नाही. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. मशीनच्या थरथरीने होतं हे. त्यांनीच सांगितलं की १९१८ साली अमेरिकेत ॲलिस हॅमिल्टन नावाच्या डॉक्टरने चुनखडी कापणाऱ्या कारागिरांच्या अशाच पांढऱ्या बोटांची पाहणी केली होती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि मला वाटत होतं माझंच काहीतरी वेगळं.
बिडी सोडायला लावली, तिने नसा आणखी आवळतात. मशीन सलग चालवायचं नाही, दाबून धरायचं नाही, हात गरम ठेवायचे. फार बरं नाही झालं, वाढायचं थांबलंय.

खडूची रेघ
छिन्नीदादा, तो प्रश्न विचारायची पद्धत तीनशे वर्षं जुनी आहे. रामाझ्झिनी नावाचा इटालियन वैद्य होता. त्याच्या घराचा मैलाखड्डा उपसणारा माणूस फार घाईने काम करत होता. याने विचारलं, एवढी घाई का? तो म्हणाला, इथे चार तासांपेक्षा जास्त राहून काय होतं ते न राहिलेल्याला कळायचं नाही, आंधळं व्हायची पाळी येते. त्यावरून त्याने कारागिरांच्या आजारांचा अभ्यास सुरू केला, १७०० मध्ये त्यावर पुस्तक काढलं आणि डॉक्टरांना सांगितलं, रोग्याला धंदा विचारा.

छिन्नी
तीनशे वर्षं. आणि तरी दोघांनी नाही विचारला.

पाटी कोरी
मी सोडलं. रंगकाम. ४९ व्या वर्षी शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून पडलो, फार उंच नव्हे, पण टाच फुटली. आता नव्या पोरांना शिकवतो. हाताला अजून ब्रश लागतो, रात्री झोपेत मनगट हलतं म्हणते बायको.
एक लिहितो. पडायच्या आधी वर्षभर मला एका पायावर उभं राहून पँट घालता येत नव्हती, भिंत धरायचो. ती सूचनाच होती. आता दात घासताना एका पायावर उभा राहतो, अर्धा वेळ डावा, अर्धा उजवा. पोरांनाही लावलंय, ती हसतात.

नुसतीच वाचक
दादा, वाचून गलबलून आलं. शिकवताय ते छान.

कात्रीवाला
आत्ता करून बघितलं. डावा ९ सेकंद. उजवा बरा आहे.

जुना खिळा
मी करू का?

फिजिओ बोलतेय
काका, ओट्याला धरून! सूनबाई जवळ असताना!

आणि जाता जाता, सकाळी उठल्या उठल्या वाकून जड उचलू नका कोणी. रात्रभर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, सकाळी उंची सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. तेव्हा वाकलं की त्यांच्यावर ताण जास्त येतो. पहिला तासभर उभ्याची कामं करा, मापं घ्या, हत्यारं लावा, फोन करा.

ठिणगी
म्हणजे सकाळी उशिरा कामाला लागायला आता कारण मिळालं.

लाकूडतोड्या
सगळे वाचतोय, उत्तरं द्यायला अंगठा नको म्हणतो. आज माझ्या पटाशीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून पाहिली. जाडी बरोबर, पण घाम आला की घसरते. वडिलांचं कापड सरकायचं नाही.

सुईत दोरा
सुती असेल, जुनं, बऱ्याच धुण्यातलं. नवं कापड सरकतं. मध्ये सुतळीचा थर होता म्हणालात ना, तो तिरका गुंडाळला होता की सरळ?

लाकूडतोड्या
तिरका. सोडवताना बघितलंच नाही नीट, आता परत जमत नाहीये.

सुईत दोरा
पट्टीवर दाबाच्या खुणा राहिल्या असतील. उजेडात धरून फोटो टाका.

थापी
तोवर कोणाकडे गुडघ्याच्या पॅडचं बक्कल आहे का जास्तीचं? फोम आज साइटवर विसरलो.