सुवॉनी 1899: सहा दिवसांत पाच सामने कसे झेपले?

डाउनमोजणी: अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या टेनेसीच्या सुवॉनी (युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ) संघाबद्दल. 1899 चा त्यांचा हंगाम 12-0 (बारा विजय, हार एकही नाही), गुण 322 विरुद्ध 10. दोन शंका. 9 ते 14 नोव्हेंबरमध्ये पाच सामने बाहेरगावी कसे झेपले? आणि 10-0, 5-0 असे गुण कसे? टचडाउनला (चेंडू घेऊन समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे पोहोचलं की) तर सहा मिळतात ना?

रात्रगाडी: सामने असे: 9 ला ऑस्टिनमध्ये टेक्सास 12-0, 10 ला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एम 10-0, 11 ला न्यू ऑर्लिन्समध्ये ट्युलेन 23-0. 12 ला रविवार, सुट्टी. 13 ला बॅटन रूजमध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) 34-0, 14 ला मेम्फिसमध्ये मिसिसिपी 12-0. सामना दुपारी, प्रवास रात्री, झोप गाडीतच. सगळ्यात वाईट टप्पा ह्यूस्टन ते न्यू ऑर्लिन्स: साडेपाचशे किलोमीटरच्या वर, आणि उतरलं की त्याच दिवशी मैदानात. एकूण फेरा सुमारे 4000 किलोमीटरचा.

हौस म्हणून हे केलं नव्हतं. तिकीट विक्रीच्या वाटणीवरून व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संघाशी बिनसलं आणि हंगामातला कमाईचा सामना गेला. ती खोट भरून काढायला मॅनेजर ल्यूक ली (पुढे सिनेटर झाला) याने दौरा आखला. एका फेऱ्यात जितके सामने, तितका गाडीभाडं वजा जाता गल्ला जास्त.

पंटआउट: गुणांचं. तेव्हा टचडाउनला 5, त्यानंतरच्या गोलला (खांबांमधून मारलेल्या किकला) 1, फील्ड गोललाही (चालू खेळात तशीच किक मारली तर) 5, सेफ्टीला (चेंडूवाल्याला त्याच्याच गोलरेषेमागे पाडलं तर) 2. म्हणून 12 म्हणजे दोन टचडाउन आणि दोन्ही गोल. 10 म्हणजे दोन्ही गोल हुकले. हुकायचे फार, कारण टचडाउन जिथे झालं त्याच्या सरळ रेषेत चेंडू मागे आणून किक मारावी लागे. कोपऱ्यात टचडाउन झालं की कोन वाईट. त्यामुळे पळणारा जमलं तर गोलखांबांकडे वळायचा.

दमछाकीचं कारणही नियमांतच आहे. फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू पुढे फेकणं, नाही (तो 1906 मध्ये आला), तीन डाउनमध्ये (प्रयत्नांत) फक्त 5 यार्ड काढायचे, म्हणजे सगळी रेटारेटी मधोमध. बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे, त्यामुळे दुखलं तरी तेच अकरा जण आक्रमणाला आणि बचावालाही.

तिसरा_डाउन: दौऱ्याचं कौतुक जरा जास्तच होतं, असं माझं मत. त्या पाचही संघांना एकही गुण करता आला नाही. खरी परीक्षा 30 नोव्हेंबरला, माँटगोमेरीत प्रशिक्षक जॉन हाइझमनच्या ऑबर्न संघाशी: 11-10. हंगामात विरुद्ध गेलेले दहाच्या दहा गुण याच सामन्यातले, आणि वाचले एका गुणाने! दोनच दिवसांनी अटलांटात नॉर्थ कॅरोलायनाला 5-0. कंबरडे मोडणाऱ्या ऑबर्ननंतर लगेच शून्यावर रोखणं, हे मला टेक्सासपेक्षा अवघड वाटतं.

डाउनमोजणी: हां, 11-10 चं आता कळलं. पाच-पाच दोनदा दोघांचेही, फरक एका गोलचा.