२००४ चा डिजिटल फोटो सहा फूट रुंद छापायचा आहे, फाटणार तर नाही ना?

दांडियाबाजार_वाली

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय.

आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या हॉलचं रंगकाम झालंय आणि दारातून शिरल्यावर समोरची भिंत मोकळी आहे. तिथे २००४ च्या उत्सवातला ग्रुप फोटो मोठा करून लावायचा असं मीटिंगमध्ये ठरलं. म्हणजे ठरवलं बाकीच्यांनी, आणि काम आलं माझ्या गळ्यात, कारण काय तर "तू कॉम्प्युटरवर बसतेस."

फोटोत तीन रांगांत चाळीसेक माणसं, मागे गणपती, वर पेंटरने हाताने रंगवलेला मंडळाचा फलक. मूळ प्रिंट अल्बममध्ये होता, तो अल्बम २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा गेला. पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला. आता हाताशी आहे ती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत आलेली फाइल, १६०० बाय १२०० पिक्सेलची.

फ्लेक्सवाल्याला विचारलं तर म्हणाला, "मोकली दो ने बेन, थई जशे" (पाठवा ना ताई, होऊन जाईल). पाठवली. त्याने सहा फुटांचं करून स्क्रीनवर दाखवलं तर चेहऱ्यांच्या जागी चौकोन. मग भाच्याने मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमधून फोटो "क्लिअर" करून दिला. क्लिअर झाला खरा, पण आमचे तेव्हाचे अध्यक्ष, जे आता नाहीत, ते एखाद्या सीरियलमधल्या जावयासारखे दिसायला लागले. कपाळावरचं गंध गेलं आणि तिथे जखमेसारखी रेघ आली. फलकावरची अक्षरं तर कुठल्या लिपीतली ते देवालाच ठाऊक. काकूंनी बघितला आणि म्हणाल्या, "हे कोण?"

तर, दर्जा न घालवता हा फोटो मोठा होतो का? आणि होत नसेल तर कितपत मोठा केलेला चालेल?

पिक्सेल_पंडित

एवढं काय टेन्शन? अपस्केल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, कॉम्प्युटरवर टाका, चारपट सिलेक्ट करा, बटण दाबा. १६०० चे ६४०० होतात. सहा फुटांना मस्त.

लाल_दिवा

ताई, नमस्कार. मी बडोद्यातच फोटो लॅब चालवायचो. आधी अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरवर (निगेटिव्हचा फोटो मोठा करून कागदावर पाडायचं यंत्र), नंतर मशीनवर, आता घरी बसून लोकांचे फोटो बिघडण्यापासून वाचवतो.

पंडितजी, बटण दाबायच्या आधी दोन गोष्टी.

१६०० पिक्सेल सहा फुटांवर, म्हणजे ७२ इंचांवर पसरले की इंचाला २२ पिक्सेल येतात. सगळे ३०० पाहिजेत म्हणतात, पण तो आकडा हातात धरून बघायच्या फोटोसाठी आहे. चांगल्या नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. त्यावरून सोपा हिशोब निघतो: ३४३८ ला इंचांतल्या अंतराने भागायचं. १० फुटांवरून बघितलं तर इंचाला २९ पिक्सेल पुरतात. ६ फुटांवरून ४८. दोन फुटांवरून मात्र १४३ लागतात. हायवेवरची होर्डिंगं म्हणूनच चालून जातात, जवळ शिडी लावून कोण बघतंय.

रविवर्म्याच्या प्रेसमधली जुनी लिथो (दगडी छापाची) प्रत तुमच्याकडे कुणाच्या देवघरात असेल तर भिंग लावून बघा. लक्ष्मीचा पदर म्हणजे नुसते ठिपके. तेच चित्र चार पावलं मागून बघा, जरीचा काठ दिसतो.

मग तुम्ही म्हणाल, दहा फुटांवरून तर सहा फुटी फोटो जवळपास चालतोच की. चालला असता, डोंगराचा किंवा लक्ष्मी विलास पॅलेसचा असता तर. हा ग्रुप फोटो आहे. ग्रुप फोटो दहा फुटांवरून कुणी बघत नाही. लोक येतात, चष्मा कपाळावर सरकवतात, नाक काचेला टेकवतात आणि बोट ठेवून सांगतात, "हा मी, आणि ही बघ तुझी आत्या." म्हणजे बघायचं अंतर एक ते दोन फूट. मंडळाच्या हॉलमध्ये काचेवर सगळ्यात जास्त डाग कुठे पडतात ते पाहा, चेहऱ्यांवर.

म्हणून पूर्ण फोटोचे पिक्सेल मोजत बसू नका, एका चेहऱ्याचे मोजा. फोटो शंभर टक्के झूम करून अध्यक्षांच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत किती पिक्सेल आहेत ते बघा. माझा अंदाज, चाळीसच्या आसपास. चाळीस पिक्सेलांत डोळा म्हणजे सात-आठ पिक्सेल. त्यात बुबुळ, पापणी, नजर काय येणार? जे सात-आठ पिक्सेलांत टिपलं गेलंच नाही ते कुठलंच सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. ते फक्त अंदाज करतं.

अंदाज दोन जातींचे. बायक्युबिक, लँकझोस या जुन्या पद्धती शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून मधली जागा भरतात. चेहरा मऊ, धुरकट होतो, पण माणूस तोच राहतो. नव्या एआय पद्धती लाखो दुसऱ्या फोटोंवरून शिकलेल्या असतात, त्या तिथे "साधारण असा डोळा असतो" म्हणून डोळा काढून ठेवतात. गंधाची रेघ त्यांच्या लेखी सुरकुती नाहीतर व्रण. देवनागरी फलकाचं तर विचारूच नका, ती अक्षरं त्यांना वेलबुट्टी वाटते. काकूंनी "हे कोण" विचारलं ते अगदी बरोबर विचारलं.

तेव्हा सगळ्यात आधी चांगली फाइल शोधा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली फाइल आकसलेली असते, आणि प्रत्येक फॉरवर्डगणिक नव्हे तरी जितक्यांदा कुणी क्रॉप करून परत सेव्ह केली तितक्यांदा जेपेगचे (फोटो दाबून लहान करणारा फाइलप्रकार) ते आठ बाय आठ पिक्सेलांचे चौकोन ठळक होत जातात. फ्लेक्सवाल्याच्या स्क्रीनवर तुम्हाला दिसले त्यांत तेही असणार. फोटो कुणी काढला? त्याच्याकडे सीडी असेल. २००४ साली मेमरी कार्ड महाग होती, लोक सीडीवर उतरवून कार्ड रिकामं करायचे. आणि त्या दिवशी आणखी कुणाच्या हातात रोलचा कॅमेरा होता का तेही विचारा. तेव्हा निम्मं बडोदं अजून रोलवर होतं. निगेटिव्ह लॅबच्या पाकिटात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पाण्याच्या वर असतं.

फत्तेगंजकर

काकांशी सहमत, आणि एक भर. मी फाइन आर्ट्सला प्रिंटमेकिंग करतो, मोठे प्रिंट सारखे काढावे लागतात. पूर्ण साइज छापायच्या आधी टेस्ट पट्टी काढा. सहा फुटांची फाइल तयार करून त्यातला फक्त ८ बाय १० इंचांचा चेहऱ्यांचा तुकडा कापून, त्याच कागदावर छापून घ्या. चार पैशांत काम होतं. तो तुकडा हॉलच्या भिंतीवर चिकटवा आणि हॉलच्याच ट्यूबलाइटखाली बघा. स्क्रीनवर बघून काही कळत नाही, स्क्रीन मागून उजळलेली असते, कागद नसतो. पहिला प्रिंट बहुतेकांचा काळपट येतो तो त्यामुळेच.

दांडियाबाजार_वाली

काका, चेहरा मोजला. ३९ पिक्सेल! तुम्ही फोटो न बघता कसं सांगितलंत?

सीडी सापडली. फोटो काढणारे दादा आता वाघोडिया रोडला राहतात. त्यांच्याकडे चालली नाही, पण मुलाच्या जुन्या ऑफिस कॉम्प्युटरवर चालली. फाइल २०४८ बाय १५३६ निघाली. चौकोन अजिबात दिसत नाहीत, फलक स्वच्छ वाचता येतो. अध्यक्षांचं गंधही आहे!

आता तरी सहा फूट?

लाल_दिवा

एका रांगेत तेरा-चौदा माणसं खांद्याला खांदा लावून उभी केली की सहा-साडेसहा मीटर होतात. त्यावरून काढलं, जादू नाही.

२०४८ म्हणजे सव्वातीन मेगापिक्सेलचा कॅमेरा. सीडीची आजच्या आज दोन ठिकाणी कॉपी करा, ती परत चालेलच असं नाही.

सहा फूट नको. सहा फुटांवर इंचाला २८ पिक्सेल. तीन फुटांवर, म्हणजे ३६ बाय २७ इंचांवर, ५७. आणि त्याच्या दोन्ही बाजू सॉफ्टवेअरने दुप्पट केल्या की ११४. दुपटीपर्यंत अंदाज फार वाहवत नाहीत, चारपटीत सीरियलमधले जावई यायला लागतात. अडोबीच्या कॅमेरा रॉ या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२१ पासून सुपर रिझोल्यूशन आहे, ते नेमकं एवढंच करतं: दोन्ही बाजू दुप्पट, एकूण पिक्सेल चौपट, आणि जेपेगवरही चालतं. ते नसेल तर पंडितजींचं अपस्केल घ्या, पण दुप्पट ठेवा, आणि ज्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये "फेस रिकव्हरी" किंवा "फेस एन्हान्स" अशी खूण असेल ती काढून टाका. सगळा घोळ तिथे होतो.

भिंत मोठी आहे म्हणून फोटो मोठा, असं काही नाही. चारही बाजूंनी पाच इंच पांढरा माउंट आणि इंचाची फ्रेम घ्या, चार फुटांचं काम झालं. भिंतीवर रुबाबात दिसतं.

आता मी करतो ती पद्धत. आधी फाइल टिफमध्ये (सेव्ह करताना दर्जा न घालवणारा फाइलप्रकार) सेव्ह करायची, १६ बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटा ठेवणारी, आणि पुढचं सगळं त्यावर. जेपेगला परत हात लावायचा नाही. सावलीतले, म्हणजे मांडवाच्या काळोख्या कोपऱ्यातले, लाल-हिरवे ठिपके मोठं करायच्या आधी घालवायचे. नंतर गेलात तर तेही दुप्पट झालेले असतात आणि सॉफ्टवेअर त्यांना पैठणीची बुट्टी समजतं. मग एक प्रत साध्या बायक्युबिकने दुप्पट आणि एक एआयने दुप्पट, दोन्ही एकावर एक लेयर (थर), एआयची वर. कपडे, हार, मखर, झालर इथे एआयची प्रत पूर्ण. चेहऱ्यांवर मास्क (फक्त तेवढ्या भागापुरता पडदा) लावून तिची अपारदर्शकता चाळीस-पन्नास टक्क्यांवर आणायची, म्हणजे खालचा खरा चेहरा वर येतो. फलकावर आणि गंधावर एआय शून्य. फलक थोडा मऊ राहिला तर राहू दे, पेंटरचा हात दिसतो.

शार्पनिंग, म्हणजे कडा ठळक करणं, अगदी शेवटी, छपाईच्या मापावर आणल्यावर, आणि जपून. केसांभोवती पांढरी कड दिसली की जास्त झालं. सगळ्यात वर पूर्ण फोटोवर अगदी बारीक ग्रेन (रोलच्या फोटोसारखा रवाळपणा) टाकायचा. हे लोकांना उलटं वाटतं, पण मऊ चेहरा आणि कडक मखर यांतला फरक त्याने झाकतो आणि तो मेण लावल्यासारखा गुळगुळीतपणा जातो.

फ्लेक्स नको. फ्लेक्स पंधरा दिवसांच्या वाढदिवसाला ठीक. मॅट फोटो पेपर, खाली सनबोर्ड (हलका फोमचा बोर्ड), वर मॅट लॅमिनेशन. ग्लॉसी घेतलंत तर तुमच्या ट्यूबलाइटी अध्यक्षांच्या चेहऱ्यावर आडव्या पडतील. फाइल पेनड्राइव्हवर न्या, व्हॉट्सअ‍ॅपनेच पाठवायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पिक्सेल_पंडित

चेहऱ्यावर मास्क, गंधावर शून्य... काका, एवढं कोण बघतं?

लाल_दिवा

काकूंनी बघितलं ना.

दांडियाबाजार_वाली

तीन फूट मीटिंगमध्ये पास! खजिनदार सर्वांत खूश, खर्च निम्म्यावर आला. टेस्ट पट्टी दोन काढल्या, एक काकांच्या पद्धतीची आणि एक नुसती चारपटीची, नाव न सांगता काकूंसमोर ठेवल्या. त्यांनी एका क्षणात आपली पट्टी उचलली.

पण आता नवा तिढा. एका मावशींकडे निगेटिव्हची पट्टी सापडली, त्याच दिवसाची, तीच रांग, बहुतेक त्याच मिनिटाची. ओळखीच्या स्टुडिओने २४०० वर, म्हणजे इंचाला २४०० पिक्सेल घेऊन, स्कॅन करून दिली, ३४०० पिक्सेल रुंद आली, चेहरे खूपच छान. फक्त अध्यक्षांचे डोळे मिटलेले. निम्मी कमिटी म्हणते निगेटिव्हचा छापा, निम्मी म्हणते सीडीवरचा. सीडीवरचं डोकं निगेटिव्हच्या फोटोवर बसवता येईल का?

लाल_दिवा

येईल. तोच माणूस, तोच दिवा, तीच वेळ, त्यामुळे ती बनवाबनवी नाही म्हणता येणार. सीडीवरचा चेहरा साधारण १.७ पट मोठा करावा लागेल, रंग निगेटिव्हला जुळवावे लागतील आणि वरून ग्रेन. पूर्ण डोकं उचलू नका, फक्त भुवयांपासून गालाच्या हाडापर्यंतची पट्टी घ्या, गंध आणि मिशा निगेटिव्हच्याच राहू द्या. शेजारच्यांपेक्षा डोळे किंचित मऊ दिसतील, नाक काचेला टेकवणाऱ्यालाच कळेल.

पण करायच्या आधी काकूंना विचारा. आणि निगेटिव्ह पट्टी कापू नका, बोटं लावू नका, कडेने धरून परत पाकिटात. पाकीट वरच्या कप्प्यात.