मदत हवी आहे : कोरोना, कडक धमन्या आणि गुठळ्या
वडील (वय 68, जुना बीपी) कोरोनामुळे दवाखान्यात होते. डी-डायमर (रक्तात गुठळ्या होत असल्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 1,800 आला. 500 च्या आत हवा म्हणतात. गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात रोज हेपॅरिनचं इंजेक्शन द्यायचे, घरी सोडताना बंद केलं. विषाणूमुळे रक्तवाहिनीचं आतलं अस्तर सुजतं आणि गुठळ्या होतात, इथवर समजलं. पण डॉक्टर जाता जाता 'धमन्या कडक झाल्यात' म्हणाले, तिथेच माझं घोडं अडलंय. हृदयाच्या ठोक्यासरशी धमनीतून पुढे जाणाऱ्या नाडीच्या लाटेचा वेग सेकंदाला 10 मीटरच्या वर गेला की धमनी कडक धरतात, असं वाचलं. हा कडकपणा बीपीचा जुनाच, की कोरोनाने आणलेला? नंतर उतरतो का? लाटेच्या वेगाची ही तपासणी कोणी करून घेतली आहे? पाय सुजला, दम लागला तर थेट दवाखाना गाठायचा हे माहीत आहे. तेवढं सोडून सांगा.