निःपक्षपाती, तटस्थ, न्याय्य: कुठे कोणता?

एका स्पर्धेच्या नियमावलीत 'परीक्षकांनी तटस्थ राहून गुण द्यावेत' असं वाक्य आहे. 'तटस्थ' चालेल का? आणि दुसरा शब्द लिहायचा कसा: निःपक्ष, निष्पक्ष की नि:पक्षपाती?

—

तटस्थ नको. तट म्हणजे काठ. काठावर उभा राहून जो प्रवाहात उतरत नाही तो तटस्थ. मतदानात 'बाजूने, विरोधात, तटस्थ' अशी नोंद होते ती याच अर्थाने. परीक्षकाला काठावर राहून कसं चालेल? त्याला पहिला-दुसरा ठरवावाच लागतो. पक्षपात म्हणजे एका बाजूला कलणं. निवाडा करूनही कलला नाही तो निःपक्षपाती.

—

लेखनाबद्दल. संधीच्या नियमाने 'निष्पक्ष', जसं निष्पाप, निष्फळ, दुष्परिणाम. मराठीत विसर्ग राखून 'निःपक्षपाती'ही तितकंच रूढ आहे. दोन्ही चालतात, फक्त एका मजकुरात एकच ठेवा. 'निपक्षपाती' मात्र चूक. आणि तुमच्या प्रश्नातलं तिसरं रूप नीट बघा: तिथे विसर्ग नाही, अपूर्णविराम टंकला गेलाय. डोळ्याला फरक कळत नाही, पण शोध घेताना शब्द सापडत नाही आणि शुद्धलेखन तपासणीत 'नि' आणि 'पक्षपाती' असे दोन तुकडे पडू शकतात.

—

'निःस्पृह' चालेल का? रामशास्त्री प्रभुण्यांना तेच विशेषण लावतात.

—

जवळचा आहे, पण तोच नव्हे. स्पृहा म्हणजे हाव, इच्छा. निःस्पृह माणसाला कुणाकडून काही नको असतं, म्हणून तो विकला जात नाही. पण पैसा न घेणाऱ्यालाही पुतण्याचं कौतुक असू शकतं! मंत्र्यांच्या मराठी शपथेत 'निःस्पृहपणे' म्हणून झाल्यावर 'ममत्वभाव किंवा आकस न बाळगता' असं वेगळं म्हणावं लागतं, ते उगाच नाही. लोभ, माया आणि डूख या तीन निरनिराळ्या वाटांनी तराजू कलतो. आकस आपण बहुधा विसरतो. झुकतं माप देणं जसा पक्षपात, तसं एखाद्याला मुद्दाम कमी मोजणंही.

—

'निरपेक्ष'ही बरेच जण याच अर्थी वापरतात. तो वेगळा: अपेक्षा नसलेला, किंवा कशावर अवलंबून नसलेला. 'त्रयस्थ' म्हणजे वादाशी संबंध नसलेला तिसरा. ते त्याचं स्थान झालं, वृत्ती नव्हे. त्रयस्थ माणूसही पक्षपाती निघू शकतो.

न्यायी आणि न्याय्य यांतली गल्लत तर रोजची. न्यायी माणूस, न्याय्य वाटणी. 'न्याय्य परीक्षक' किंवा 'न्यायी निकाल' असं लिहू नये. 'रास्त'सुद्धा मागणीला, भावाला लागतो, माणसाला नाही.

—

मग वाक्य असं करा: 'परीक्षकांनी निःपक्षपातीपणे गुण द्यावेत. स्पर्धक नात्यातला किंवा स्वतःचा विद्यार्थी असल्यास त्याच्यापुरतं तटस्थ राहावं.' इथे 'तटस्थ' चपखल बसतो.

—

बसतो, पण पुढचं कलम तपासा. तीन परीक्षक, प्रत्येकी 10 गुण. एका स्पर्धकाला तिघांनी 8, 8, 8 दिले, बेरीज 24. दुसऱ्याच्या वेळी एक परीक्षक तटस्थ. उरलेल्या दोघांनी 9, 9 दिले, बेरीज 18. बेरजेवर निकाल लावलात तर सरस ठरलेला मागे पडतो. परीक्षक तिघेही निःपक्षपाती, निकाल मात्र अन्याय्य. 'बेरीज' खोडून 'गुण देणाऱ्या परीक्षकांच्या गुणांची सरासरी' लिहा. मग 8 विरुद्ध 9 असा हिशेब होईल.