जुने वाफेचे रेडिएटर गरम पाण्यावर चालतील का?

प्रश्न: खोली गरम ठेवणारे, बिडाचे, नक्षीदार, जुन्या घडणीचे वाफेचे रेडिएटर मिळालेत. इतके देखणे आहेत की भंगारात घालवणं जिवावर येतंय. माझा बॉयलर मात्र गरम पाण्याचा आहे. जोडू का?

उत्तर: आधी रेडिएटरचा माथा बघा. कप्पे वरूनही एकमेकांना जोडलेले हवेत. फक्त खालून जोडलेले असतील तर प्रत्येक कप्प्यात वर हवा अडकते, पाणी फिरत नाही. असे घेऊच नका.

प्रश्नकर्ता: वरूनही जोडलेले आहेत! फार बरं वाटलं.

दुसरं उत्तर: मग दाबाची चाचणी करा. घरगुती वाफ साधारण २ पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) आत चालते, पाणी १२ च्या पुढे. जुने सांधे तिथेच गळतात. शिवाय ७७ अंशांच्या पाण्यावर वाफेच्या साठेक टक्केच उष्णता मिळते. जुना रंग मात्र कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.